एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अस्सल कागदापर्यंत कसे न्यावे?

इतिहास_शिक्षिका:

नमस्कार. मी मुंबईतील एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात गेली अकरा वर्षे शिकवते आहे. माझी अडचण शोधप्रकल्पाविषयी आहे आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून थोडे लांबण लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना बदलली, तेव्हापासून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शोधप्रकल्प प्रत्येकालाच करावा लागतो. तिसऱ्या सत्रात त्याला ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. ही तरतूद मला मनापासून पटते, कारण त्याआधी कित्येक मुले एकही अस्सल कागद डोळ्यांनी न पाहता इतिहास विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडत असत. पण तरतूद झाली म्हणून संशोधन झाले असे होत नाही. यंदा माझ्याकडे चौदा विद्यार्थी आहेत. पहिल्या सत्रात त्यांनी संशोधनपद्धतीचा पेपर दिला आहे, प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील फरक त्यांना तोंडपाठ आहे, अंतर्गत आणि बाह्य टीका (मजकूर किती विश्वासार्ह, आणि कागद खरा व कोणत्या काळचा, याची तपासणी) म्हणजे काय ते परीक्षेत सगळ्यांनी लिहिले आहे; आणि तरीही प्रकल्पाचा पहिला खर्डा हाती आला तेव्हा चौदापैकी अकरा खर्डे मार्गदर्शक पुस्तिकांतून उतरवलेले होते. दोघांनी चॅटबॉटकडून संदर्भसूची करून घेतली होती. त्यातील तीन पुस्तके मी ग्रंथालयात शोधली, मग आंतरजालावर शोधली, आणि ती मुळात अस्तित्वातच नाहीत हे माझ्या ध्यानात आले.

एका मुलाचा खर्डा ‘मुंबईतील प्लेग’ या विषयावर होता, बासष्ट पानांचा. मी त्याला समोर बसवून म्हटले, ‘यातले एक तरी वाक्य असे दाखव, जे तू स्वतः त्या काळच्या कागदावर वाचले आहेस.’ तो बराच वेळ पाने उलटत राहिला आणि मग त्याने अगदी सरळपणे विचारले, ‘मॅडम, त्या काळचा कागद म्हणजे नेमका कोणता?’ त्याच्यावर रागावण्यासारखे काहीच नव्हते. हा मुलगा दिव्याला राहतो, भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळी करतो, सकाळी दोन-तीन तास झोपून दुपारच्या तासांना येतो. पाच वर्षे तो इतिहास शिकतो आहे आणि या पाच वर्षांत त्याच्यासमोर असा कागद कोणीच ठेवलेला नाही. त्या कोणामध्ये मीही आले.

महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार फोर्टात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तिथपर्यंत पोहोचणे अवघड नाही, पण ते कामाच्या दिवशी आणि कचेरीच्या वेळातच उघडे असते, आणि माझी निम्मी मुले त्याच वेळात कुठे ना कुठे नोकरी करत असतात. दुसरी अडचण भाषेची. बहुतेकांचे सगळे शिक्षण मराठीतून झाले आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील सरकारी दफ्तर बव्हंशी इंग्रजीत, तेही लपेटीदार हस्ताक्षरात. तिसरी अडचण आमची, शिकवणाऱ्यांची. मंजूर जागा रिकाम्या आहेत, बरेचसे तास तासिका तत्त्वावरचे सहकारी घेतात, त्यांतील काही जण सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी शिकवतात. प्रत्येक मुलामागे बसायला कोणालाच सवड मिळत नाही.

दोन सत्रे, चौदा मुले आणि एवढी साधनसामग्री यांत खरे संशोधन, छोटे का होईना पण खरे, शिकवता येते का? ज्यांनी शिकवले आहे किंवा जे असे शिकले आहेत, त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते सांगावे.

निवृत्त_पार्लेकर:

मॅडम, मी तीस वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना आधुनिक भारत शिकवला. आपण वर्णन केलेला प्रसंग माझ्याही वाट्याला अनेकदा आला, आणि त्यावरचा जो उपाय मला उशिरा सुचला तो सांगतो. मुलांना आधी पुराभिलेखागारात नेऊ नका. तिथे नेण्याआधी एक पान वर्गात आणा आणि ते एकच पान दोन तास वाचा.

त्या मुलाचा विषय प्लेगच आहे, तर त्याचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, आणि त्यानंतर लगेचच ही सक्ती सैल करण्यात आली. एवढी हकीकत कुठल्याही पुस्तकात मिळते आणि आपल्या विद्यार्थ्याच्या बासष्ट पानांतही ती असणारच. आता स्नो यांचा स्वतःचा अहवाल घ्या. तो १८९७ साली छापला गेला, तो आंतरजालावर स्कॅन करून ठेवलेला आहे आणि छापील असल्यामुळे हस्ताक्षराची अडचण येत नाही. रात्रपाळीच्या मुलाला तो मोबाइलवरसुद्धा वाचता येईल. हुकूम मागे का घेतला, याविषयी कमिशनर जे लिहितात तो भाग वर्गात सावकाश वाचा, एकेका वाक्याचे मुलांकडून मराठी करून घ्या. त्यातून असे दिसते की कमिशनरांना रोगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, धास्ती होती ती हलालखोर (मैला उचलणारे) आणि मोऱ्या साफ करणारे कामगार शहर सोडून जातील याची. ते निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांना पुरते कळत होते.

या ठिकाणी मी थांबत असे आणि विचारत असे की हा अहवाल कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि लिहिणाऱ्याला कशाचे समर्थन करायचे होते. मुले उत्तर देत, ‘कमिशनरने, सरकारसाठी, स्वतःचा निर्णय बरोबर होता हे दाखवण्यासाठी.’ मग पुढचा प्रश्न असे: ज्या सफाई कामगारांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही, त्यांच्या ताकदीचा पुरावा आपल्याला कोणाच्या लेखणीतून मिळाला? वर्ग गप्प होत असे. ज्याला परीक्षेत अंतर्गत टीका म्हणून चार मुद्दे लिहायचे असतात, ती गोष्ट म्हणजे प्रत्यक्षात हेच, हे त्या दिवशी मुलांना कळते. चार मुद्द्यांतून ते कधीच कळलेले नसते.

त्यानंतर त्याच घटनेविषयीचे दुसरे साधन त्याच्याशेजारी ठेवा. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, तिचाही अहवाल छापील आहे. स्नो आणि गॅटेकर हे दोघेही सरकारी अधिकारीच, पण एक मुलकी आणि एक लष्करी. शहराकडे पाहण्याची दोघांची नजर वेगळी आहे आणि ती मुलांना आपणहून दिसते. तिसरे साधन देशी वृत्तपत्रांचे. सरकारचा एक विभाग देशी भाषांतील पत्रांतला मजकूर इंग्रजीत सारांशरूपाने दर आठवड्याला सरकारपुढे ठेवत असे. हे सारांश आणि मूळ मराठी मजकूर यांची तुलना हा मराठी माध्यमातील मुलासाठी तयार विषय आहे, कारण इथे त्याची मराठी हीच त्याची जमेची बाजू ठरते. भाषांतरकाराने काय गाळले, कुठली बोचरी म्हण बोथट केली, हे इंग्रजी माध्यमातील मुलापेक्षा त्याला चटकन कळेल.

म्हणून विषय आखडून घ्या. ‘मुंबईतील प्लेग’ हा बासष्ट पानांत मावणारा विषय नाही. ‘आर्थर रोड रुग्णालयावरील २९ ऑक्टोबर १८९६ च्या हल्ल्याविषयी तीन साधने काय सांगतात’ हा मात्र वीस पानांत मावतो, आणि त्या वीस पानांतील प्रत्येक वाक्याची जबाबदारी विद्यार्थ्याला घेता येते. मी शेवटच्या काही वर्षांत पानांची किमान मर्यादा मानणेच सोडले होते. परीक्षकांनी कुरकुर केली. मी त्यांना तळटिपा दाखवत असे.

पुराभिलेखागाराची पाळी यानंतरची. तिथे जाताना मुलांना एक गोष्ट आधी पटवून द्या, नाहीतर सगळी फेरी फुकट जाते. सरकारी दफ्तर विषयवार लावलेले नसते, ते खात्यांनुसार लावलेले असते. सूचीत ‘चाळी’ किंवा ‘दंगल’ असे शोधणाऱ्याला काही सापडत नाही. या कागदावर सरकारच्या कोणत्या खात्याने काम केले असेल, असा विचार करावा लागतो: पोलिसांचा संबंध असेल तर न्याय विभाग, महापालिका आणि आरोग्य यांचा असेल तर सामान्य विभाग, जमिनीचा असेल तर महसूल. मग वर्ष, मग खंड, मग त्या खंडातील कम्पायलेशनचा, म्हणजे एका प्रकरणाच्या एकत्र लावलेल्या कागदांचा, क्रमांक. हे चारही तपशील वहीत टिपल्याशिवाय एकही ओळ उतरवायची नाही, असा माझा दंडक होता. माझ्या एका विद्यार्थ्याला या एका आळसापायी पुन्हा तीन दिवस फोर्टात घालवावे लागले, कारण त्याने अत्यंत महत्त्वाचा मजकूर उतरवला होता पण खंडाचा क्रमांक लिहिला नव्हता.

विभागप्रमुखांचे परिचयपत्र प्रत्येकासाठी आधीच करून घ्या, आणि चौदा जणांना एकदम न नेता चार-चारांच्या गटाने न्या. नोकरी करणाऱ्या मुलांना सत्रभरात दोन रजा टाकाव्या लागतील. दोनच, पण त्या कुठल्या खंडासाठी टाकायच्या हे घरी बसून ठरलेले असले पाहिजे. मागितलेला खंड जीर्ण म्हणून मिळणार नाही अशीही शक्यता असते, त्यामुळे प्रत्येकाच्या हाती दुसरा एक क्रमांक तयार असू द्या.

रुमाल_उलगडणारा:

वरील प्रतिसादाविषयी पूर्ण आदर राखून एक मतभेद नोंदवतो. मराठी माध्यमातील मुलांना अस्सल कागदापर्यंत न्यायचे म्हटले की आपण लगेच इंग्रजी अमदानीच्या दफ्तराकडे का वळतो? ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेतील अस्सल पत्रे हजारोंनी छापलेली आहेत. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि या मालेचे बावीस खंड झाले. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. ही पत्रे देवनागरीत छापलेली आहेत, बऱ्याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती धूळ खात पडून आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणाला रजा टाकावी लागत नाही.

त्यांतील एक पत्र फळ्यावर लिहा. सुरुवातीला ‘छ’ आणि त्यापुढे आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव येते. हा ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्रमासाचा दिवस, हे समजल्यावर मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी अनेकदा पाहिली आहे. मग वर्ष येते ते अरबी संख्यांत: इहिदे सबैन मया व अलफ. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७१. हे त्या काळच्या मराठी कागदांतले सन, मृग नक्षत्राला सुरू होणारे. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे हे पत्र १७७० किंवा १७७१ चे. हा हिशेब स्वतः केलेला मुलगा पुढे कुठल्याही पुस्तकातील तारीख डोळे झाकून मान्य करत नाही, आणि बाह्य टीका म्हणजे काय हे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

मोडीचेही तेच. पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते, त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत अर्थ लावूनच अक्षर ठरवावे लागते. सहा महिन्यांत कोणी पंडित होत नाही हे मान्य, पण चार ओळी स्वतः लावलेल्या मुलाला छापील प्रतीवर किती विसंबून राहायचे ते कळते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) अजून कोणी उलगडलेले नाहीत. पुढची पिढी इथूनच यायची आहे.

डिलाईल_रोडची:

मी आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, म्हणजे विद्यार्थिनीच्या. सात वर्षांपूर्वी मी एम.ए. केले तेव्हा दिवसभर वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयात नोकरी करत होते आणि फोर्टात जाणे मला अजिबात शक्य नव्हते. माझ्या बाईंनी मला विचारले, ‘तुझ्या घरात जुना कागद कोणता आहे?’ मी म्हटले, काही नाही. त्या म्हणाल्या, घरी जाऊन ट्रंक उघड आणि मग सांग.

ट्रंकेत वडिलांचे बदली कार्ड होते. घड्यांवर फाटलेले, तेलाच्या डागांचे, आणि त्यावर खात्याचे नाव आणि हजेरीचे शिक्के. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी लागणारा तो बदली. त्यासाठी रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारावर उभे राहायचे आणि नाव पुकारले नाही तर घरी परतायचे. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ही बदलीची पद्धत नियमबद्ध केली, हे मला नंतर वाचनातून कळले. पण माझ्या हातातल्या कार्डावर एका महिन्यात अवघे नऊ शिक्के होते, आणि त्या महिन्यात आमच्या घरात काय शिजले असेल हा प्रश्न मला तिथेच पडला. माझा सगळा प्रकल्प त्या नऊ शिक्क्यांतून निघाला.

मी आमच्या चाळीतील सहा जणांशी बोलले, चार कामगार आणि दोन खाणावळवाल्या मावश्या. सगळे रविवारी. चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला अख्खा रविवार लागत असे. पहिल्यांदा मी वडिलांची सातारी बोली शुद्ध मराठीत लिहून नेली, तेव्हा बाईंनी ती सगळी पाने परत केली आणि म्हणाल्या की हे तुझे वाक्य आहे, त्यांचे नाही. मी पुन्हा लिहिले, ‘आमी’, ‘न्हाई’, ‘गेल्तो’ असे जसेच्या तसे. त्यानंतर ते वाचताना आवाज ऐकू येऊ लागला.

गिरणी कामगारांचा संप केव्हा सुरू झाला असे मी सगळ्यांना विचारले होते. वडील म्हणाले, दिवाळीला. पुस्तकात तारीख आहे १८ जानेवारी १९८२, आणि मी प्रकल्पात सरळ लिहिले की स्मरणशक्तीच्या मर्यादेमुळे निवेदकाची चूक झाली आहे. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि जुनी वर्तमानपत्रे पाहायला पाठवले. तिथे उलगडा झाला. काही गिरण्यांतील कामगार १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या प्रश्नावरूनच बाहेर पडले होते, मान्यताप्राप्त असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघावर त्यांचा विश्वास उरला नव्हता आणि ते कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले होते. जानेवारीत झाला तो सुमारे अडीच लाख कामगारांचा सार्वत्रिक संप. वडिलांचा संप दिवाळीतच सुरू झाला होता. चूक त्यांची नव्हती. कुठल्या दिवसाला सुरुवात म्हणायचे हे मी पुस्तकाकडून उसने घेतले होते.

म्हणून मला असे वाटते की मौखिक इतिहास सोपा म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. नोकरी करणाऱ्या मुलांना तो जमतो, कारण तो रविवारी करता येतो. पण त्याच्याबरोबर कागद नसेल तर त्याच्या नुसत्या आठवणी होतात. आणि परवानगी लेखी घ्या. एका मावशींनी सगळे मनमोकळे सांगितले आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की माझ्या नवऱ्याच्या दारूचे लिहू नकोस. मी ते काढून टाकले. माझ्या प्रकल्पातला तो सर्वांत जिवंत भाग होता, तरीही काढून टाकला, आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो.

ग्रंथपाल_दादर:

एक व्यवहारी सूचना. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक आहेत, म्हणजे १२० तास. इतिहासाची मुले ते तास कुठल्यातरी कचेरीत सही-शिक्क्यापुरते भरतात. त्याऐवजी विभागाने जुन्या ग्रंथालयांशी, वस्तुसंग्रहालयांशी लेखी बोलणी करून मुलांना नोंदी करण्याचे, सूची तपासण्याचे काम मिळवून द्यावे. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था १८९८ ची, आणि मराठीतील जुने छापील साहित्य इतके एका ठिकाणी क्वचितच मिळते. फोर्टात एशियाटिक सोसायटी आणि कामा इन्स्टिट्यूट आहेत, झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी उभी केलेली संस्था आहे. १२० तास सूचीच्या कामात घालवलेल्या मुलाला तिसऱ्या सत्रात विषय सुचवावा लागत नाही, तो स्वतःच चार विषय घेऊन येतो.

ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांना गोविंद नारायण माडगांवकरांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’ द्यावे आणि त्याशेजारी एडवर्ड्स यांचे १९०९–१० चे तीन खंडी मुंबई गॅझेटिअर ठेवावे. एकाच बाजाराचे, एकाच तळ्याचे वर्णन दोन्हींत काढून पाहावे. एवढ्यावरही चांगला प्रकल्प उभा राहतो.

इतिहास_शिक्षिका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके प्रत्यक्षातले कोणी सांगेल अशी मला अपेक्षा नव्हती.

मोडीविषयी लिहिणाऱ्या सरांना एवढेच सांगते की आपला मुद्दा मला मान्य आहे, पण तो दुसऱ्या वर्षी पोहोचल्यावर अमलात आणणे कठीण आहे. मोडी पहिल्या सत्रापासून सुरू झाली पाहिजे आणि पुढच्या वर्षी ती तशी करावी असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळापुढे ठेवणार आहे. कार्यप्रशिक्षणाची सूचना मी आजच विभागप्रमुखांच्या कानावर घातली. बदली कार्डाचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला. दोन मुलींनी दुसऱ्या दिवशी घरचे कागद आणले: एकीने आजीचे रेशनकार्ड, दुसरीने बीडीडी चाळीतील भाड्याच्या पावत्या.

शनिवारी प्लेगच्या खर्ड्याचा तो विद्यार्थी रात्रपाळी संपवून थेट विभागात आला. आम्ही दोघांनी स्नो यांच्या अहवालातील ती दोन पाने वाचली. इंग्रजी त्याला जड गेले. एकेका वाक्याला दहा-दहा मिनिटे लागली, मधे दोनदा चहा झाला. हलालखोर शहर सोडून जातील या भीतीच्या ओळींवर तो अडला आणि त्याने ती वाक्ये पुन्हा वाचली. मग म्हणाला की आमच्या गोदामातसुद्धा माल उतरवणारे आले नाहीत तर साहेब असाच घाबरतो. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘मॅडम, या लोकांची नावे कुठे मिळतील?’

मला उत्तर देता आले नाही. बासष्ट पाने त्याने बाजूला ठेवली आहेत आणि पुढच्या महिन्यात एक रजा टाकायला तो तयार आहे. पार्लेकर सर, आपण म्हणता तसे खात्याच्या अंगाने विचार केला तर महापालिकेच्या आरोग्य खात्यातील सफाई कामगारांची हजेरीपत्रके किंवा पगारपत्रके सामान्य विभागाच्या कागदांत यावीत, की ती महापालिकेच्या स्वतःच्या दफ्तरात शोधावी लागतील? १८९६–९७ ची अशी पत्रके आपल्यापैकी कोणी पाहिली असतील तर वर्ष आणि खंड कळवावा. रजा एकच आहे.